क्लिक सेन्स, नऊ महिन्यांनंतर: आम्ही राखाडी रंगाचे पैसे भरतो

आमचा धंदा खते-औषधांच्या होलसेलचा. गोडाऊन पंचवटीत, दिंडोरी रोडला मार्केट यार्डाच्या अलीकडे. निफाड, दिंडोरी, चांदवड, सटाण्याचे दुकानदार माल नेतात, बहुतेक उधारीवर, आणि पैसे देतात द्राक्षं खुडल्यावर. हिशोब कॉम्प्युटरवर कधीचाच आहे. पण तिथे कळतं ते कोणी काय नेलं एवढंच. कोणी काय नेलं नाही, ते अण्णांच्या डोक्यात. आणि अण्णा आता त्र्याहत्तरचे झाले. गेल्या जूनमध्ये क्लिक सेन्स, म्हणजे धंद्याची आकडेवारी चाळून बघायचं सॉफ्टवेअर, घेतलं ते या एका कारणासाठी.

पहिले दोन महिने काही जमलं नाही. बसवून देणारा माणूस चार रंगीत चार्ट लावून गेला आणि नंतर फोन उचलेना. मग मी स्वतःच वाचायला लागलो, आणि गंमत म्हणजे मॅन्युअलपेक्षा कंपनीचा इतिहास जास्त कामाला आला.

स्वीडनमधलं लुंड गाव, साल 1993. ब्योर्न बर्ग आणि स्टाफान गेस्ट्रेलियस या दोघांनी कंपनी काढली. पहिलं गिऱ्हाईक टेट्रा पॅक, तीही लुंडचीच; दुधाच्या, ज्यूसच्या कागदी डब्यांवर जिचं नाव असतं ती. त्यांच्याकडे मशिनी अनेक, सुटे भाग त्याहून अनेक. कोणता भाग कोणत्या मशिनला लागतो, आणि कोणता लागत नाही, हे एका नजरेत दिसायला हवं होतं. होकन वोल्गे नावाच्या प्रोग्रामरने ते लिहिलं. नाव ठेवलं क्विकव्ह्यू, पुढे त्याचं क्लिकव्ह्यू झालं, आणि 2014 मध्ये आलं ते क्लिक सेन्स. रंगांची रीत मात्र तीच राहिली: तुम्ही निवडलेलं हिरवं, त्याच्याशी जुळणारं पांढरं, न जुळणारं राखाडी. राखाडी पडद्यावरून जात नाही, तिथेच बसून राहतं. आमच्या दृष्टीने सगळा माल त्यातच आहे.

उदाहरण देतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची. छाटणी झाली की डोळे फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग, म्हणजे ते औषध काड्यांना लावायचं. म्हणजे ज्या दुकानदाराने ते औषध नेलं, त्याच्या गिऱ्हाइकांकडे बागा आहेत, छाटल्या आहेत. पुढे पाऊस झाला, दव पडलं, की डाऊनीचं (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) औषध लागणारच. मग मी काय केलं: पेस्टिंगचं औषध निवडलं, यादीत पांढरे झालेले सगळे दुकानदार एका दमात हिरवे करून घेतले, औषधाची निवड काढली आणि डाऊनीची औषधं निवडली. काही नावं हिरवी राहिली. काही गडद राखाडी झाली, पण बरोबरच्या खुणेसकट. तुम्ही निवडलेला आहे, पण बसत नाही, असा त्या खुणेचा अर्थ. (फिकट राखाडी वेगळं, त्यात मी महिनाभर घोळ घातला. त्याच यादीतलं दुसरं नाव निवडलं असतंत तर चाललं असतं, एवढंच ते सांगतं.)

अशी 31 नावं निघाली. म्हणजे हे लोक डाऊनीचं औषध दुसरीकडून घेत होते. यादी अण्णांना दाखवली. चष्मा वर करून त्यांनी वाचत वाचत निम्म्यांची कारणं जागीच सांगितली: ‘याचं आपल्याशी मागच्या वर्षी रेटवरून वाजलं’, ‘हा पिंपळगावातून उचलतो’. खाली एका नावावर थांबले. त्यांच्या साडूचं दुकान. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘याला तू नको करू, मी करतो फोन.’

आता चुका. त्या माझ्या आहेत, पण नवीन माणूस ह्याच करणार. क्लिकमध्ये दोन तक्त्यांत कॉलमचं नाव सारखं असलं की ते आपोआप जोडले जातात. मी खरेदीतही ‘तारीख’ आणि ‘माल’ लिहिलं, विक्रीतही. मग एखादी पुरवठादार कंपनी निवडली की विक्री जवळजवळ शून्य दिसायची. आठवडा गेला तेव्हा कळलं: ज्या दिवशी माल आला त्याच दिवशी विकलेलाच माल तो दाखवत होता, बाकीचा नाही. खरेदीच्या तारखेचं नाव बदललं, प्रश्न मिटला.

दुसरी चूक वेळेची. हे इंजिन सगळा डेटा मेमरीत ठेवतं, आणि एका कॉलममधली प्रत्येक वेगळी नोंद एकदाच साठवतं. दुकानदाराचं नाव हजार बिलांत असलं तरी साठवायचं एकदाच. पण आमच्या बिलांच्या तारखेला तास-मिनिट-सेकंद चिकटलेले होते, म्हणजे जवळजवळ प्रत्येक बिलाची नोंद वेगळी. फाइल नुसती फुगली. फ्लोअर (अपूर्णांक काढून टाकणारं फंक्शन) लावून वेळ कापली आणि ती निम्म्याहून खाली आली.

कंपनीची मालकी कोणाकडे हेही बघून ठेवलं. उधारी देण्याआधी दुकान कोणाच्या नावावर आहे ते आम्ही बघतोच, तसंच. 2007 च्या सुमाराला अशा सॉफ्टवेअरच्या धंद्यातल्या मोठ्या कंपन्या एकामागून एक विकल्या गेल्या: हायपेरियन ओरॅकलकडे, बिझनेस ऑब्जेक्ट्स एसएपीकडे, कॉग्नोस आयबीएमकडे. क्लिक तेव्हा वेगळी राहिली, 2010 मध्ये नॅस्डॅक या अमेरिकन शेअर बाजारात आली. 2016 मध्ये थोमा ब्राव्हो या गुंतवणूक कंपनीने सुमारे 3 अब्ज डॉलरला घेऊन ती शेअर बाजारातून काढली. 2023 मध्ये क्लिकने टॅलेंड घेतली, ती डेटा गोळा करून साफ करण्याच्या कामातली. आम्हाला तिची गरज नाही. आमचा डेटा साफ करायला दिवाणजी आहेत.

कोणी घ्यावं? नुसते महिन्याचे आकडे आणि एक गोल चार्ट हवा असेल तर एक्सेल पुरतं, उगाच खर्चात पडू नका. पुण्याचा भाचा पॉवर बीआय हे मायक्रोसॉफ्टचं असंच सॉफ्टवेअर वापरतो, त्याचं त्यावर नीट चाललंय. स्क्रिप्ट (डेटा कसा आत घ्यायचा त्याच्या सूचना) लिहायला बसणारं घरात कोणी नसेल तर क्लिकच्या वाटेला जाऊ नये, हे मी स्पष्टच सांगतो. मला रात्री जेवणानंतर बसायची सवय लागली म्हणून निभावलं.

जूनमध्ये वर्ष भरेल. चार लॉगिन घेतली होती, त्यातली दोन कमी करणार. फिल्डवरची पोरं तशीही यादीचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवरच मागतात.