वॉशिंग्टनला आलेली १७८१ ते १७८३ची पत्रं: कुठे वाचावीत?

अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या यॉर्कटाउनच्या वेढ्यापासून डिसेंबर १७८३ला सेनापतिपदाचा राजीनामा देईपर्यंत जॉर्ज वॉशिंग्टनला आलेला पत्रव्यवहार घरबसल्या वाचायचा, तर दोन फुकट ठिकाणं आहेत: ‘फाउंडर्स ऑनलाइन’ (अमेरिकेच्या संस्थापकांच्या पत्रांचं संकेतस्थळ) आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी ग्रंथालयाचा वॉशिंग्टन संग्रह. पहिल्यात टंकलिखित मजकूर मिळतो, दुसऱ्यात कागदाचं छायाचित्र. आमचं मत स्पष्ट आहे: शोध पहिल्यात घ्या, पण उद्धृत करायची ओळ दुसऱ्यात पडताळल्याशिवाय वापरू नका.

कारण नेमकं याच काळात आहे. युद्धाच्या सुरुवातीच्या वर्षांची पत्रं तळटीपांसह, तपासून छापली गेली आहेत. १७८२-८३ची बहुतेक पत्रं मात्र ‘अर्ली अ‍ॅक्सेस’ शिक्क्याखाली येतात, म्हणजे मजकूर टंकला आहे, पण अंतिम तपासणी आणि टिपा बाकी आहेत. वाचायला पुरेसं, छापायला नाही.

फाउंडर्समध्ये ‘रेसिपियंट’ (पत्र मिळालेली व्यक्ती) म्हणून वॉशिंग्टन निवडा आणि तारखांची मर्यादा घाला. नुसतं नाव टाकलंत तर त्याने लिहिलेलीही सगळी पत्रं अंगावर येतात. शब्दशोधात जपून. यॉर्कटाउनला वेढलेल्या ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसचं १७ ऑक्टोबर १७८१चं पत्र घ्या. २४ तास लढाई थांबवावी, दोन्हीकडून दोन-दोन अधिकाऱ्यांनी मूर यांच्या घरी भेटून अटी ठरवाव्यात, एवढाच मजकूर. त्यात ठाण्यांची नावं ‘यॉर्क’ आणि ‘ग्लॉस्टर’ अशी आहेत. ‘यॉर्कटाउन’ शोधत बसलात तर हे पत्र निसटेल. तारखेने शोधणं केव्हाही भरवशाचं.

लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये तुम्हाला हवी ती ‘सीरीज ४’, म्हणजे सर्वसाधारण पत्रव्यवहार, तारीखवार लावलेला. बऱ्याच प्रतिमा मायक्रोफिल्मवरून घेतलेल्या, त्यामुळे करड्या. मागची शाई पुढे उमटलेली असते आणि शब्द लागत नाहीत. तरी पत्राची पाठ बघायला विसरू नका. वॉशिंग्टनचे सचिव तिथे पाठवणाऱ्याचं नाव आणि तारीख टिपून ठेवत.

‘सीरीज ३’ मात्र फसवते. १७८१मध्ये वॉशिंग्टनने रिचर्ड व्हॅरिकला नेमून कागदपत्रांच्या ४४ वह्या उतरवून घेतल्या. अक्षर इतकं स्वच्छ की नवखा वाचक तिथेच रमतो, पण त्यात मुख्यत्वे वॉशिंग्टनने पाठवलेली पत्रं आहेत. संपादक फिट्झपॅट्रिकच्या ३९ छापील खंडांचंही तेच. आणखी एक संपादक स्पार्क्स, त्याच्या १८५३च्या चार खंडांत आलेली पत्रं आहेत खरी, पण स्पार्क्स मूळ लेखन सुधारून छापणाऱ्यांपैकी. माग काढायला वापरा, शब्दांसाठी नको.

पत्रासोबत जोडलेल्या कागदांना वेळ राखून ठेवा. ब्रिटिश युद्धकैदी कॅप्टन अ‍ॅस्गिलला फाशी देऊ नये म्हणून फ्रान्सचे मंत्री व्हर्जेन यांनी २९ जुलै १७८२ला पत्र लिहिलं आणि अ‍ॅस्गिलच्या आईचं १८ जुलैचं पत्र सोबत जोडलं. वॉशिंग्टनच्या हाती ते ऑक्टोबरअखेर पडलं. अमेरिकी काँग्रेसने सुटकेचा निर्णय ७ नोव्हेंबरला घेतला. म्हणजे एका प्रकरणासाठी तीन महिन्यांहून जास्त काळाच्या तारखा चाळाव्या लागतात, आणि लिहिल्याच्या तारखेला पोचल्याची तारीख समजलात की घटनाक्रमच उलटा लागतो.

दोन्ही ठिकाणं शेजारी ठेवून बघायची, तर वॉशिंग्टनच्याच सैन्यातल्या कर्नल लुईस निकोलाचं २२ मे १७८२चं पत्र उत्तम. त्यात राजेशाहीची सूचना आहे. वॉशिंग्टनने त्याच दिवशी कडक उत्तर धाडलं आणि ‘हीच बरहुकूम नक्कल’ असं हम्फ्रीज आणि ट्रंबुल या आपल्या दोन सहायकांच्या सहीनिशी लिहून घेतलं. आधी फाउंडर्सवर निकोलाचा मजकूर वाचा, मग सीरीज ४मध्ये तीच तारीख उघडा. आलेलं आणि गेलेलं पत्र एकाच बैठकीत जुळवता येतं.