डिस्कॉर्डवर शिवीगाळ: तक्रार मॉडरेटरकडे, कंपनीकडे की पोलिसांत?

बडोद्यातल्या कॉलेजांचे, हॉस्टेलांचे, गेमिंगचे डिस्कॉर्ड सर्व्हर (डिस्कॉर्ड या चॅट-अॅपवरचे गट) बहुधा मराठी-गुजराती मिश्र असतात. तिथे कुणी धमकी दिली किंवा एखाद्या मुलीबद्दल घाणेरडं लिहिलं, तर तक्रारीच्या तीन जागा आहेत आणि तिन्हीकडून मिळतं ते वेगळं. मॉडरेटर, म्हणजे सर्व्हरवर देखरेख ठेवणारा सदस्य, पोस्ट हटवतो आणि माणसाला सर्व्हरबाहेर काढतो. कंपनी खातं बंद करू शकते. खात्यामागे नक्की कोण बसलंय, हे पोलिसांच्या तपासाशिवाय कळत नाही. यातलं काय हवंय, ते आधी ठरवावं.

त्याहीआधी एक काम. पोस्टवर राइट क्लिक करून (मोबाइलवर दाबून धरून) ‘कॉपी मेसेज लिंक’ घ्या. सेटिंग्जमधल्या अॅडव्हान्स्ड विभागात डेव्हलपर मोड सुरू केला की लिहिणाऱ्याचा यूजर आयडीही कॉपी करता येतो. नाव रोज बदलता येतं, तो आकडा बदलत नाही. मग स्क्रीनशॉट: सर्व्हर, चॅनेल, नाव आणि तारीख एकाच चित्रात दिसली पाहिजे. फक्त शिवी कापून घेतलेला तुकडा कुणाच्याच कामाचा नाही. आणि रागाच्या भरात सर्व्हर सोडू नका; बाहेर पडलात की ते चॅनेल तुम्हाला दिसत नाही आणि तिथली पोस्ट रिपोर्टही करता येत नाही.

मॉडरेटर

सगळ्यात जलद वाट हीच. मॉडरेटर जागा असला तर काही मिनिटांत काम होतं. त्याच्या हातात टाइमआउट (साठ सेकंदांपासून आठवड्यापर्यंत बोलणं बंद), किक (नुसतं बाहेर काढणं) आणि बॅन (बाहेर काढून परतीची वाट बंद) असतं. किक केलेला माणूस नव्या इन्व्हाइटवर परत येतो, त्यामुळे मुद्दाम त्रास देणाऱ्यासाठी किक म्हणजे वेळ दवडणं.

खरा घोळ बॅनमध्ये होतो. बॅन करताना त्या माणसाचे जुने मेसेज किती हटवायचे, असं डिस्कॉर्ड विचारतं, आणि ७ दिवसांपर्यंतचे मेसेज एका फटक्यात उडवता येतात. मॉडरेटर चांगल्या मनाने सगळं साफ करतो आणि कंपनीला दाखवायला काहीच उरत नाही. मॉडरेटरांच्या कारवायांची नोंदवही, म्हणजे ऑडिट लॉग, ४५ दिवस राहते खरी, पण तिच्यात कुणी कुणाचा मेसेज हटवला एवढंच दिसतं, मजकूर नाही. लिहिणाऱ्याने स्वतःच पोस्ट पुसली तर तेवढीही नोंद होत नाही. म्हणून मॉडरेटरला स्पष्ट सांगा: आधी टाइमआउट, मग कंपनीकडे रिपोर्ट, हटवणं शेवटी.

दुसरी अडचण माणसांची आहे. मॉडरेटर आणि शिव्या देणारा एकाच हॉस्टेलवर राहत असतील, तर तुमचं नाव संध्याकाळपर्यंत त्याच्या कानावर जाईल, असं धरूनच चाला.

सर्व्हर तुमचाच असेल तर ऑटोमॉड (ठरवलेले शब्द आपोआप अडवणारी डिस्कॉर्डची सोय) लावाच, पण मराठी शब्द घालताना जपून. प्रत्ययांमुळे शब्दाची रूपं बदलतात, म्हणून पुढे-मागे तारांकन (*, म्हणजे तिथे कुठलीही अक्षरं चालतील) देण्याचा मोह होतो. ‘मार’च्या दोन्ही बाजूंना तारांकन दिलं तर मारुतीही अडतो आणि कुमारही. तारांकन फक्त शेवटी द्या, मारुतीसारखे निरुपद्रवी शब्द अपवादांच्या यादीत टाका, आणि तोच शब्द रोमन लिपीत ज्या दोन-तीन प्रकारे लिहिला जातो ते सगळे प्रकार घाला.

कंपनी

‘रिपोर्ट मेसेज’ दाबलं की तक्रार मॉडरेटरकडे जाते, असा पुष्कळांचा समज आहे. ती डिस्कॉर्डकडे जाते, आणि कुणी केली ते समोरच्याला सांगितलं जात नाही. ओळखीतल्या माणसाविरुद्ध म्हणूनच ही वाट बरी. इथे स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नका. चित्रात फेरफार करता येतो, म्हणून त्यांना मूळ मेसेज लागतो. रोमन लिपीतली मराठी शिवी परक्या वाचणाऱ्याला कळेलच असं नाही. तेव्हा तोच मेसेज दहा जणांकडून रिपोर्ट करवण्यापेक्षा धमकी, पाळत, खासगी माहिती उघड करणं असे वेगवेगळे मेसेज योग्य प्रकार निवडून एकेक रिपोर्ट करा. भांडणातल्या एका सुट्या शिवीवर खातं जाईल, ही आशा सोडा.

भारतात २०२१ च्या आयटी नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने २४ तासांत पोच द्यायची असते. त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. ही सोय २०२३ पासून आहे, पण तिच्याकडे फारसं कुणी वळत नाही.

पोलीस

नुसत्या अपमानासाठी ही वाट जड जाते. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५२ अदखलपात्र आहे. नोंद होते, पण दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. कुणी ‘६६ अ लावा’ म्हणालं तर आयटी कायद्याचं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केलंय. ऑनलाइन पाठलाग (७८), स्त्रीच्या विनयाचा अपमान (७९), अश्लील मजकूर (आयटी कायदा, ६७) असेल तर मात्र थांबू नका. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. इथे राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टल किंवा शहर पोलिसांचं सायबर ठाणं. महिला-मुलांबाबतची तक्रार पोर्टलवर नाव न देता करता येते, पण तिचा पुढे माग काढता येत नाही.

कंपनीला चालणारी लिंक ठाण्यात उघडणार नाही, कारण अधिकारी त्या सर्व्हरचा सदस्य नसतो. इथे छापील स्क्रीनशॉट, आयडी आणि तारखा लागतात. पुढे कोर्टात डिजिटल पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, तेव्हा ज्या फोनवर स्क्रीनशॉट घेतले तो विकू नका, रीसेटही करू नका. तक्रारीवरून हटवलेला मजकूर कंपनीने तपासासाठी १८० दिवस जपायचा असतो, म्हणून उशीर महागात पडतो. लहान मुलांची अश्लील चित्रं असतील तर स्क्रीनशॉटच घेऊ नका. ती साठवणं हाच गुन्हा आहे, लिंक थेट कळवा.

फिर्याद गुजरातीत लिहिली जाईल. मराठी शिवीचा नेमका अर्थ गुजरातीत जशास तसा सांगा. लाजेने सौम्य केलात तर कलमही सौम्य लागतं. वाचून दाखवल्यावरच सही करा आणि प्रत मागून घ्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते.