वाळूचा किनारा की खडकाळ टोक: नेहमीच्या सर्फिंगसाठी कोणती जागा धरावी?

फेसाळ पाण्यातून बाहेर पडून न फुटलेली लाट पकडता येऊ लागली, की नेहमीसाठी बीच ब्रेक (जेथे लाट वाळूच्या तळावर फुटते तो किनारा) निवडावा की पॉइंट ब्रेक (जेथे लाट खडकाळ टोकाला वळसा घालत फुटते ती जागा), हा प्रश्न उभा राहतो. दोन्ही प्रकारच्या जागी मी बराच काळ सर्फिंग केले आहे; पुढील मते त्या अनुभवापुरतीच आहेत.

लाटेच्या घडणीत पॉइंट ब्रेक निःसंशय सरस आहे. दक्षिण आफ्रिकेतील जेफ्रीज बे किंवा कॅलिफोर्नियातील मालिबू यांसारख्या ठिकाणी स्वेल, म्हणजे दूरच्या समुद्रातून येणारा लाटांचा ओघ, टोकाला वळसा घालत येतो आणि लाट एका कडेपासून क्रमाने उलगडत जाते. तळ खडकाचा किंवा गोट्यांचा असल्यामुळे फुटण्याची जागा फारशी हलत नाही, आणि कडेच्या खोल पाण्यातून फारशी दमछाक न होता लाइन-अपपर्यंत, म्हणजे लाटेची वाट पाहत बसण्याच्या जागेपर्यंत, पोहोचता येते. बीच ब्रेकवर मात्र सगळा भरवसा वाळूच्या दांड्यांवर, म्हणजे पाण्याखालील लांबट उंचवट्यांवर, असतो. लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीवर फुटते, त्यामुळे एका वादळाने दांडा सरकला की कालची उत्तम जागा आज निकामी होते. दांडा सरळ आणि किनाऱ्याला समांतर असेल, तर संपूर्ण लाट एकदम कोसळते. फ्रान्समधील होसेगोरसारख्या नामांकित किनाऱ्यावरही भरती-ओहोटीच्या काही तासांत तोच दांडा अनोळखी वाटू लागतो.

तरीही माझा कल बीच ब्रेककडे झुकला, तो एका गोष्टीमुळे. पॉइंटवर टेक-ऑफची, म्हणजे लाट पकडून बोर्डवर उभे राहण्याची, जागा जवळजवळ एकच असते आणि लाटेवर पहिला हक्क तिच्या शिखराच्या सर्वांत जवळ असलेल्याचा असतो. नियम रास्त आहे. परंतु ती जागा वर्षानुवर्षे ओळखणारी माणसे स्वाभाविकपणे सर्वांत आत बसतात आणि हक्क प्रत्येक वेळी त्यांच्याकडेच जातो. कोणी उद्धट वागते असे नाही. तरी बोर्ड वळवावा, जीव तोडून पॅडल करावे आणि आतून कोणी आधीच उभा राहून येताना दिसल्यावर थांबावे, हे पुनःपुन्हा घडते. उत्तम लाटांचे कित्येक दिवस माझे असेच कडेला बसून गेले. शिकणाऱ्याला सुंदर लाटेपेक्षा अधिक लाटांची गरज असते, असे मला वाटते.

वाळूच्या किनाऱ्यावर फुटण्याच्या जागा अनेक असतात आणि गर्दी विखुरते; थोडे पुढे चालत गेले, की लहानशी का होईना, मोकळी लाट मिळते. तेथील नेहमीची मंडळी मला अधिक मोकळी वाटली, कारण दांडाच फिरता असल्यामुळे त्यावर कोणाचा कायमचा ताबा राहत नाही, आणि आज कोठे चांगले फुटते आहे हे सांगण्यात कोणाचे फारसे नुकसान नसते. अर्थात एखादा दांडा महिनाभर टिकला, तर तेथेही आतल्या जागेसाठी चुरस सुरू होते.

लाँगबोर्डवर लांब सरकण्याची आवड असेल किंवा गर्दी नसताना पाण्यात उतरता येत असेल, तर पॉइंट कदाचित अधिक मानवेल. इतरांना मी बीच ब्रेकच सुचवीन. मध्यम स्वेल, मधली भरती आणि खारे वारे सुटण्यापूर्वी मतलई वाऱ्याची सकाळ एवढे जुळले, तर तेथील लाटही पुरेशी देखणी असते. ओहोटीला किनाऱ्यावरून दांडे नीट पाहून ठेवावेत. दोन दांड्यांमधील ज्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, तेथील ओढ चांगल्या सर्फरला बाहेर नेते आणि तिची माहिती नसलेल्या पोहणाऱ्यालाही, म्हणून तो पट्टा पाण्यात उतरण्याआधीच ओळखता आला पाहिजे.