द्रव कार्बन डायऑक्साइडने कोळशाचा थर फोडून देण्याची सेवा: एक परीक्षण

कोळसा काढण्याआधी थरातला मिथेन काढून घेणे हे वायूयुक्त खाणीतले नित्याचे काम आहे. परंतु ज्या थराची पारगम्यता, म्हणजे वायू आतून वाहू देण्याची क्षमता, मिलिडार्सी या तिच्या लहानशा एककाच्याही अंशात मोजावी लागते, तिथे छिद्रे कितीही पाडली तरी वायू छिद्रापर्यंत पुरेसा येत नाही. अशा थरांसाठी द्रव कार्बन डायऑक्साइड भरलेल्या नळ्यांनी थर फोडून देण्याची सेवा उपलब्ध आहे. माझे मत आधीच नोंदवतो: फोडण्याचे काम ही सेवा चोख करते, मात्र तिच्या यशाचे म्हणून जे आकडे ग्राहकापुढे ठेवले जातात ते पारखून घ्यावे लागतात.

मूळ उपकरण नवीन नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटन आणि अमेरिकेतील कोळसा खाणींत ‘कारडॉक्स’ या नावाने अशाच नळ्या स्फोटकांना पर्याय म्हणून वापरल्या जात. तेव्हा हेतू होता भुगा कमी होऊन ठोकळ कोळसा मिळावा हा. आजच्या नळीची रचनाही तीच आहे. जाड पोलादी नळीत द्रव वायू, आत तापक, आणि एका टोकाला ठरावीक दाबाला फुटणारी धातूची चकती. तापक पेटला की ३१.१ अंश सेल्सिअस आणि ७.३८ मेगापास्कल ही क्रांतिक मर्यादा (जिच्यापुढे द्रव आणि वायू असा भेद उरत नाही) ओलांडली जाते, दाब झपाट्याने वाढतो, चकती फाटते आणि शेकडो पट प्रसरण पावणारा वायू काही मिलिसेकंदांत छिद्राच्या भिंतीवर आदळतो. आघाताने पडलेल्या लहान भेगांत मागून येणारा वायू शिरतो आणि त्या लांबवतो. दाब स्फोटकापेक्षा बराच कमी आणि सावकाश चढणारा असल्यामुळे छिद्राभोवतीचा कोळसा चुरडून जात नाही, हा या पद्धतीचा खरा गुण आहे. कारण चुरडलेला कोळसा वायूची वाट मोकळी करण्याऐवजी बुजवतो.

सुरक्षिततेचा दावाही बहुतांशी खरा आहे. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असताना स्फोटाला एक ठिणगी पुरते, आणि इथे बाहेर पडतो तो थंड, न जळणारा वायू. तरीही ‘पूर्ण सुरक्षित’ हे शब्द मला मान्य नाहीत. तोंडाकडचे बुजवण नीट बसले नाही तर नळी छिद्रातून वेगाने बाहेर फेकली जाऊ शकते. कार्बन डायऑक्साइड हवेच्या सुमारे दीडपट जड असल्याने उतारावर आणि खोलगट जागी साठतो; म्हणून वायुवीजनाचा हिशेब आधी व्हायला हवा. शिवाय कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या गुणोत्तरावरून जिथे कोळसा आपोआप तापू लागल्याची चाहूल घेतली जाते, तिथे नळ्या फोडल्यानंतरची वाचने काही काळ फसवी ठरतात.

आता आकड्यांकडे येऊ. नळ्या फोडल्यावर थरातला वायू बाहेर नेणाऱ्या निचरा-वाहिनीतला प्रवाह उसळतो आणि तो आलेख दाखवून सेवेची जाहिरात केली जाते. पण त्या प्रवाहात आपणच सोडलेला वायू किती, हे वेगळे काढल्याशिवाय त्या आलेखाला अर्थ नाही. एकूण प्रवाह नव्हे, शुद्ध मिथेनचा प्रवाह मागावा, आणि तोही पहिल्या आठवड्याचा नव्हे, तर पुढच्या काही महिन्यांचा, शेजारच्या न फोडलेल्या छिद्रांच्या तुलनेत. ही तुलना द्यायला कंत्राटदार कचरत असेल, तर तेच त्याचे उत्तर समजावे.

कोळसा मिथेनपेक्षा कार्बन डायऑक्साइड अधिक घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे मिथेन जागा सोडतो, असेही सांगितले जाते. ते शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे, पण अर्धेच. हाच वायू शोषून कोळसा फुगतो आणि त्याच्या नैसर्गिक भेगा आवळल्या जातात. न्यू मेक्सिकोतील सॅन हुआन खोऱ्यातल्या ॲलिसन प्रकल्पात आणि जपानमधील युबारी येथे थरात दीर्घकाळ कार्बन डायऑक्साइड दाबून भरताना पारगम्यता घटल्याचे आढळले. युबारीत मध्येच नायट्रोजन सोडून ती तात्पुरती सावरावी लागली. पोलंडमधील कानियूव येथे तर सलग भरणा साधण्यासाठी थर आधी पाण्याच्या दाबाने फोडावा लागला. नळीतून एका दमात सुटणारा वायू मोजका असल्याने इथे फुगण्याचा उपद्रव कमी, फोडण्याचा लाभ जास्त. म्हणून विस्थापनाच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइडने मिथेनला हुसकावण्याच्या, आशेने ही सेवा विकत घेणे मला चुकीचे वाटते. पाण्याच्या तुलनेत मात्र तिची बाजू वरचढ आहे: सूक्ष्म भेगांत पाणी अडकून वायूची वाट अडण्याचा प्रश्न येत नाही.

मऊ, भूहालचालींनी चुरलेल्या थरात मी ही सेवा सुचवणार नाही. तिथे छिद्रच टिकत नाही, आणि पडलेली भेग उघडी धरायला वाळूही जात नसल्याने खडकाच्या भाराखाली ती मिटते. उष्ण खाणीत आणखी एक अडचण येते: ३१ अंशांच्या वर वायू द्रवरूपात राहतच नाही, त्यामुळे नळ्या थंड ठेवून भराव्या लागतात आणि पाळीतला बराच वेळ त्यातच जातो. प्रत्येक वापरानंतर चकती आणि तापक बदलावे लागतात. पोलादी नळी मात्र पुन्हा वापरता येते. कठीण, वायूने भरलेल्या, अल्प पारगम्य थरासाठी काम द्यावे, पण मोबदला फोडलेल्या नळ्यांच्या संख्येवर न ठरवता निचरा झालेल्या मिथेनशी बांधावा आणि मोजणी कंत्राटदाराच्या हाती ठेवू नये.