एमटीएनएल, जिओ, एअरटेल की व्होडाफोन आयडिया: निवडण्याआधी पत्रिका बघून घ्या

दादरच्या मावशीचा गेल्या महिन्यात फोन आला. लॅंडलाइनवरून, अर्थातच. "अरे, हा टेलिफोन काढून टाकू का? निखिल म्हणतो फायबर घेऊ. माझं सिमही बदलू म्हणतो. कुठलं घ्यायचं ते तू सांग."

तिला प्लॅनचे दर सांगण्यात अर्थ नव्हता. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दोन दिवसांच्या आत दर वाढवले, तेव्हा आज जो स्वस्त तो उद्या असेलच असं नाही. कंपनी कशी वाढली, तिने कुठलं तंत्रज्ञान उचललं आणि कुठलं सोडलं, यावर तिचं नेटवर्क घडलेलं असतं. ते दरांसारखं रातोरात बदलत नाही. म्हणून मी चौघांची पत्रिकाच मांडली.

सुरुवात मावशीच्या काळ्या फोनपासून. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज आलं १८८२ मध्ये. १९४३ मध्ये सरकारने इथली टेलिफोन कंपनी ताब्यात घेतली, आणि १ एप्रिल १९८६ पासून मुंबई-दिल्लीचा कारभार एमटीएनएल या सरकारी कंपनीकडे गेला. काकांनी त्याच्याही आधी नंबर लावला होता. फोन येईपर्यंत कित्येक वर्षं शेजारच्या घरचा पीपी नंबर सगळ्या नातेवाइकांच्या डायरीत होता. मावशीचा या नंबरवर जीव आहे तो त्यामुळे.

तांब्याच्या लाईनचा एक गुण मात्र भावनेपलीकडचा आहे. तिला वीज एक्स्चेंजमधल्या बॅटरीवरून मिळते, सुमारे ४८ व्होल्ट. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, तेव्हा आमचा वायफाय मेला आणि मावशीचा फोन वाजत होता. (कॉर्डलेस असता तर तोही मेला असता. वायरवाला जुना फोनच हवा.) फायबरच्या डब्याला घरची वीज लागते. फायबर घेणार असाल तर त्याच्यासाठी छोटा यूपीएस त्याच दिवशी घ्या.

मग एमटीएनएल मागे का पडली? माणसं आळशी होती म्हणून, असं सोपं उत्तर सगळे देतात. मला ते पटत नाही. देशात थ्रीजी पहिल्यांदा एमटीएनएलनेच आणलं, डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत आणि पुढच्या वर्षी मुंबईत. पण २०१० च्या लहरींच्या (स्पेक्ट्रमच्या) लिलावात खासगी कंपन्यांनी जी किंमत लावली, ती एमटीएनएललाही भरावी लागली. दोन शहरांच्या थ्रीजी आणि ब्रॉडबँड लहरींसाठी सुमारे ११ हजार कोटी रुपये. दोनच शहरं, ग्राहक मर्यादित आणि डोक्यावर एवढं कर्ज. पुढे ३१ जानेवारी २०२० ला चौदा हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन गेले. त्यांच्याबरोबर कुठली केबल कुठल्या डीपीत (वायरी जोडायच्या पेटीत) जाते हे तोंडपाठ असलेले लाईनमनही गेले.

म्हणून लॅंडलाइनबद्दल माझं मत असं: आज जिवंत असेल तर ठेवा, पावसाळ्यात डेड झाली तर दुरुस्तीच्या मागे फार लागू नका. आणि हे नीट ऐका, लॅंडलाइनचा नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. पोर्टेबिलिटी फक्त मोबाइलला आहे. लाईन सोडलीत की नंबर गेला. बँक, गॅस, सोसायटी, एलआयसी, जिथे जिथे तो नंबर लिहिलेला आहे तिथे आधी बदला आणि मगच अर्ज करा.

आता मोबाइल. १९९५ मध्ये मुंबईत दोनच नावं होती, मॅक्सटच आणि बीपीएल. मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर, आणि आलेल्या कॉलचेही पैसे. मिस्ड कॉल ही कला त्याच काळातली. बीपीएलचं पुढे लूप झालं आणि २०१४ मध्ये ते बंद पडलं. मॅक्सटचचं ऑरेंज, ऑरेंजचं हच (तो पाठीमागे चालणारा पग आठवतोय ना?), २००७ मध्ये व्होडाफोन, २०१८ मध्ये आयडियाशी लग्न, २०२० मध्ये नवं नाव, Vi. ज्यांचा नंबर मुंबईत पंचवीस-तीस वर्षं जुना आहे, त्यातले पुष्कळ याच कंपनीचे ग्राहक. पण २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एजीआर (ज्या उत्पन्नावर सरकारी शुल्क मोजतात ते) निकालानंतर थकबाकीचा डोंगर एवढा झाला, की पैशांऐवजी तिचे शेअर घेत घेत सरकारचा हिस्सा २०२५ मध्ये ४९ टक्क्यांच्या जवळ पोचला. फाइव्हजी मुंबईत आलं मार्च २०२५ मध्ये, इतर दोघांच्या जवळपास अडीच वर्षं नंतर. घाबरून पळायची गरज नाही, कंपनी उद्या कोसळली तरी नंबर पोर्ट होतो. पण नव्याने कुणी विचारलं तर मी हिला पहिली निवड म्हणणार नाही.

खरी लढत एअरटेल आणि जिओची, आणि इथे दोघांच्या वाढीची तऱ्हा कामाला येते.

एअरटेलची सेवा १९९५ मध्ये दिल्लीत सुरू झाली, मुंबईत आली २००२ मध्ये. म्हणजे इथे ती उशिराची पाहुणी. तिची वाढ थराथराने झाली. २००४ मध्ये नेटवर्क सांभाळायचं काम एरिक्सनसारख्यांकडे सोपवलं, नंतर टेलिनॉर आणि टाटाचा मोबाइल धंदा पोटात घेतला. थ्रीजी बंद केलं तरी टूजी ठेवलं. म्हणून आजही साधा बटणाचा फोन तिच्यावर चालतो.

जिओने उलट केलं. रिलायन्सने जून २०१० मध्ये इन्फोटेल नावाची कंपनी ४,८०० कोटींना घेतली, तिच्याकडे देशभरच्या ब्रॉडबँड लहरी होत्या. मग सहा वर्षं बांधकाम, आणि ५ सप्टेंबर २०१६ ला एकदम बाजारात. टूजी नाही, थ्रीजी नाही, आवाजसुद्धा फोरजीवरून. ३१ मार्च २०१७ पर्यंत फुकट. १७० दिवसांत १० कोटी ग्राहक. कोऱ्या पाटीचा फायदा मोठा, पण मावशीच्या जुन्या नोकियात हे सिम घातलं तर फोन मुका. जिओवर बटणं हवीच असतील तर फोरजीवरून बोलता येणारा बटणवाला फोन घ्यावा लागतो.

फाइव्हजीतही तोच फरक. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी एकट्या जिओने घेतल्या. या लहरी जाड भिंतीतून आत शिरतात. जुन्या दगडी इमारतीत राहणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. जिओचं फाइव्हजी पहिल्यापासून स्वतंत्र, त्यामुळे फोनही त्याला चालणारा लागतो. एअरटेलने फोरजीच्या खांद्यावर बसवून सुरुवात केली. कागदावर जिओ सरस, पण तुमच्या स्वयंपाकघरात कोण सरस हे लिलाव सांगत नाही. दोन्ही कंपन्यांचं सिम असलेले दोन भाचे चहाला बोलवा आणि रेंज बघा.

फायबरबद्दल थोडक्यात. जिओफायबर २०१९ पासून आहे, एअरटेलचंही आहे, पण मुंबईत निवड बहुधा सोसायटीची कमिटी करते. ज्याची वायर डक्टमधून वर आली आहे, तो तुमचा. वायर येतच नसेल तर हवेतून येणारं इंटरनेट आहे: एअरटेलचं ऑगस्ट २०२३ मध्ये, जिओचं त्याच वर्षीच्या गणेश चतुर्थीला मुंबईत सुरू झालं. वायर मिळत असेल तर मी वायरच घेईन. आमच्याकडे रस्ता खोदताना एका कंपनीची वायर तुटली आणि "४८ तासांत होईल" हे आम्ही नऊ दिवस ऐकलं, तरीही. फक्त घेण्याआधी वरच्या-खालच्या मजल्यावर विचारा: बंद पडलं तर माणूस किती दिवसांत येतो?

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची ठरली तर PORT, मग एक जागा सोडून आपला मोबाइल नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवायचा. येणारा कोड चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, बिल थकलेलं नको. नुकतंच सिम बदललं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. प्रीपेडमधला उरलेला बॅलन्स बुडतो, म्हणून रिचार्ज संपत आल्यावरच हे करा.

मावशीने बटणाचा फोन सोडायला साफ नकार दिला, त्यामुळे तिचं सिम एअरटेलचं. फायबर तिसऱ्या मजल्यावर ज्याचं नीट चालतं त्याचं. लॅंडलाइनचा अर्ज निखिलने भरून टेबलावर ठेवला आहे. मावशीने तो टेलिफोनखाली सरकवून ठेवला. "लाईन आधी डेड तर पडू दे," म्हणाली.