कोल्हापूरहून लंडन: मुंबईतून थेट की दुबईमार्गे?

गेल्या मे महिन्यात आई-बाबांना लंडनला ताईकडे पाठवायचं ठरलं आणि घरात दोन तट पडले. मुंबईतून थेट विमान घ्यायचं, की दुबईला उतरून पुढचं? दुबईमार्गे तिकीट स्वस्त पडत होतं.

नुसतं अंतर बघितलं तर भांडायला जागाच नाही. मुंबई ते लंडनचं हिथ्रो विमानतळ हे हवाई अंतर साधारण ७,२०० कि.मी. मुंबई-दुबई १,९०० च्या आसपास, दुबई-हिथ्रो ५,५००. म्हणजे दुबईला उतरून गेलं तरी जास्तीचे दोनशेच किलोमीटर, कोल्हापूर-पुण्याहूनही कमी. दुबई जवळजवळ वाटेवरच आहे.

फरक पडतो तो वेळेत. थेट विमानाला जाताना साडेनऊ-दहा तास लागतात. येताना तासभर कमी, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, त्यामुळे त्यांच्या विमानांना वळसा पडू लागला. म्हणून थेट असलं तरी तिकिटावरचा एकूण वेळ बघाच. दुबईमार्गे हवेतला वेळ फार वाढत नाही, पण तीन तासांचा थांबा धरला की प्रवास तेरा-चौदा तासांवर जातो.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात, हेही आधी समजून घ्या. दुपारी दोनला मुंबई सोडून संध्याकाळी सातला लंडन, हे पाच तास नव्हेत. उन्हाळ्यात लंडन साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच.

आपल्यासाठी खरी गोष्ट मात्र त्याआधीची. कोल्हापुरातल्या तावडे हॉटेल चौकापासून मुंबई पावणेचारशे किलोमीटर, आठ तास सहज. रस्त्याची कामं आणि घाटातली कोंडी धरून चार तास हाताशी ठेवावेच लागतात. महालक्ष्मी एक्स्प्रेसने गेलात तर अख्खी रात्र, शिवाय सीएसएमटीहून विमानतळापर्यंतची टॅक्सी. उजळाईवाडीच्या कोल्हापूर विमानतळावरून मुंबईला विमानाने तासाभरात पोचता येतं, पण ते तिकीट वेगळं काढलं आणि विमान रद्द झालं, तर पुढचं चुकलेलं विमान आपल्याच खिशावर.

इतकं करून थकलेल्या सत्तरीच्या माणसांना दुबईत पुन्हा सुरक्षा तपासणी, पुन्हा गेट शोधणं, हे मला पटेना. आम्ही थेटच काढलं. बाबांचं म्हणणं होतं की गुडघ्यांना मधे चालणं बरं, आणि त्यात तथ्य आहे. दहा तास एका जागी बसणं सोपं नाही. तरुण माणूस असेल, दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील आणि थांबा तीन-चार तासांचा असेल, तर दुबई जरूर घ्या. एकच तिकीट असलं की सामान सहसा परस्पर लंडनला जातं. दीड तासाचा थांबा घेऊ नका.

व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच सांगा, आणि दुबईमार्गे जाणार असाल तर दोन्ही टप्प्यांवर ती नोंद झाली आहे का, ते विचारून घ्या.