स्क्रीनवरचा खेळ की हातातली बटणं?

पाच-सहा वर्षांच्या मुलांचा ऑनलाइन तास रंगवायचा तर शिक्षकांपुढे साधारण दोन वाटा असतात: स्क्रीनवरच क्विझ आणि कार्टून लावायचं, किंवा मुलांना बटणं, चमचे, कागद घेऊन बसवायचं.

पहिल्या वाटेत तयारी कमी, आणि मुलं लगेच गप्प होतात. पण गप्प बसणं म्हणजे शिकणं नव्हे. प्रश्न न ऐकताच मूल चारही पर्याय दाबून बघतं, स्क्रीनवर फटाके उडाले की खूश!

दुसऱ्या वाटेत गोंधळ भरपूर. ‘सात बटणं मोजून कॅमेऱ्याला दाखवा’ म्हटलं की कुणाची सहाच निघतात, कुणाचं एक सोफ्याखाली जातं. पण सहावाल्याला बाई नावाने हाक मारून ‘अजून एक शोध बरं’ म्हणतात, तिथेच बेरीज सुरू होते. पलीकडचं माणूस आपल्याला बघून बोलतंय हे कळलं की लहान मुलं पडद्यावरूनही जास्त शिकतात. वस्तू जमवायला घरचं कुणीतरी लागतं, ही अडचण खरीच. आदल्या दिवशी यादी पाठवली तर निभतं.

माझा कौल बटणांना. मात्र वर्गात तीस मुलं असतील तर एवढ्याशा चौकोनांतली बटणं तपासणं अशक्य. तिथे पाच-सहा जणांचे गट करा, नाहीतर मुकाट्याने क्विझ घ्या.